मे महिन्यातला श्रावण

माणसाच्या गरजा मुळात फार थोड्या असतात, असं आपल्याकडच्या थोरामोठ्यांनी वारंवार सांगून ठेवलं आहे. त्यांच्यापैकी कोणाकडेही मिक्सर नव्हता.

“फ्रिज हिशोबात धरायचा की सोडायचा?” मी विचारलं.

“फ्रिज ही गरज नाही,” माझे सासरे अप्पा तिरोडकर म्हणाले. “सवय आहे.” आणि हातातलं फ्रिजचं गार पाणी एका दमात संपवून त्यांनी ग्लास खाली ठेवला.

“सोडा की,” स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज आला. “उद्यापासून फाटलेल्या दुधाचा चहा प्या. त्याचीही सवय होईल.”

फ्रिज धरला.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. अप्पा वजनमापे खात्यातून निवृत्त झाले आणि पुण्यातला फ्लॅट विकून त्यांनी कुडाळच्या पुढे, एका सड्याच्या उतारावर घर बांधलं. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडंबोडकं पठार. तिथून खाली वाडी दिसायची, समुद्र दिसायचा नाही, पण अप्पा पाहुण्यांना तो कुठल्या बाजूला आहे ते दाखवायचे. विजेची लाइन वाडीतल्या शेवटच्या घरापर्यंत, म्हणजे शेवंतीकाकींच्या दारापर्यंत येऊन थांबली होती. तिथून वर खांब आणायचं काम ‘विचाराधीन’ होतं. विचार फार खोल असावा, कारण वर काहीच येत नव्हतं. मग अप्पांनी छपरावर आठ सोलर पॅनेल बसवली, देवघराशेजारच्या कोनाड्यात बॅटऱ्या ठेवल्या आणि दिवाळीपासून मेपर्यंत घर बिनबोभाट चाललं. सूर्य रोज वेळेवर येतो आणि मस्टरवर सही न करता कामाला लागतो, याचं अप्पांना निवृत्त सरकारी माणूस म्हणून भारी कौतुक होतं.

प्रश्न पावसाळ्याचा होता. कोकणात जूनपासून सूर्य दीर्घ रजेवर जातो. माझी बायको वैजयंती, म्हणजे वैजू, ही अप्पांची एकुलती एक मुलगी. तिने पुण्याहून फोनवर अट घातली होती: “पावसाळ्यात वीज पुरेल हे आधी सिद्ध करा. नाही पुरली तर मी तुम्हाला दोघांना जूनच्या आत आमच्याकडे घेऊन येणार. काळोखात, विंचूकाट्यात मी तुम्हाला ठेवणार नाही.” अप्पांनी छाती काढून अट मान्य केली. सासूबाईंना कोणी विचारलं नाही. त्या तेव्हा परसात सुरण लावत होत्या.

हिशोब जमला तर दोघं तिथे, नाही जमला तर आमच्या दोन खोल्यांत. मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो आणि वर जावई आहे, म्हणून पंच म्हणून माझी नेमणूक झाली. वैजू आणि मी मेच्या सुटीत तिकडे पोचलो.

मी कागदावर अंदाज मांडायला घेतला. दिवे किती, किती वेळ, पंप किती, टीव्ही किती. पॅनेल बसवणाऱ्या माणसाने फोनवर एक शहाणपणाची गोष्ट सांगितली होती, “साहेब, उन्हाळ्याचा हिशोब वेगळा मांडा, पावसाळ्याचा वेगळा. माणसं तीच असली तरी घर बदलतं.” ते मी अप्पांना वाचून दाखवलं. त्यांनी माझा कागद उलटा करून त्यावर ग्लास ठेवला.

“जयंतराव, नोकरीत मी एकाही दुकानदाराच्या कागदावर विश्वास ठेवला नाही. तागडीच्या बुडाला मेण लावणारे लोक कागद अगदी स्वच्छ ठेवतात. आपण वजन टाकून बघायचं.”

“म्हणजे?”

“म्हणजे पाऊस पाडायचा.”

“मे महिन्यात?” वैजू म्हणाली.

“तालीम गं. नाटकाची नाही करत? तीन दिवस या घरात श्रावण आहे असं समजायचं. आठातली सहा पॅनेल ताडपत्रीने झाकायची. ढग! पावसात लागेल तेवढीच वीज वापरायची, आणि पावसात लागेल ती सगळी वापरायची. तीन दिवस बॅटरी टिकली तर आम्ही राहिलो. संपली तर तुझ्याबरोबर पुण्याला.”

शेवटचं वाक्य बोलताना त्यांचा आवाज जरासा हलला. आम्हाला वाटलं, भावनेने.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पांनी आणि मी शिडी लावून सहा पॅनेलवर काळी ताडपत्री चढवली, दोरीने बांधली आणि वर जांभ्याचे चिरे ठेवले. काम चालू असताना खालून शेवंतीकाकी चढून आल्या. सासूबाईंची ही एकुलती एक शेजारीण. रोज सकाळी एकदा आणि दुपारी एकदा काही तरी द्यायला नाहीतर न्यायला यायच्या. त्यांनी छपराकडे बघून पदर तोंडाला लावला.

“काय गो बाये, कोणाचा काय झाला काय?”

“काही नाही झालं,” सासूबाई म्हणाल्या. “श्रावण आहे.”

शेवंतीकाकींनी एकदा आभाळाकडे पाहिलं. सूर्य नुसती आग ओकत होता. मग त्यांनी अप्पांकडे पाहिलं आणि सासूबाईंच्या खांद्यावर हात ठेवला.

“होता गो तसा, वय झाला की,” त्या म्हणाल्या.

अप्पा काम करायचे ते चोख. पावसात झाकोळून येतं आणि भर दुपारी दिवे लावावे लागतात, म्हणून त्यांनी घराच्या सगळ्या खिडक्या लावून घेतल्या, पडदे ओढले आणि दिवे लावले. पावसात हवा गार असते, म्हणून पंखे बंद. बाहेर लाल माती भाजून निघत होती आणि आत आम्ही चौघं बंद खिडक्यांच्या घरात, दिव्यांच्या उजेडात, पंख्याखाली पण पंख्याविना, श्रावणाचा आस्वाद घेत बसलो होतो. अप्पांनी अंगात स्वेटर घातला नाही एवढीच सवलत.

“आंबे बंद,” त्यांनी जाहीर केलं. “श्रावणात आंबे नसतात.”

“आंब्याला वीज लागते?” मी विचारलं.

“रस गार करायला लागते. फ्रिज जास्त ओढतो.”

वैजूने तोवर इस्त्रीचं टेबल मांडलं. ती बँकेत ऑडिट करते. नियमातली फट तिला लांबून दिसते. “पावसात कपडे वाळत नाहीत,” ती म्हणाली. “दमट कपड्यांवर इस्त्री फिरवावीच लागते. हो ना अप्पा?” आणि तिने घरातले सगळे कपडे ओले केले. चादरींसकट.

मला वाटलं अप्पा चिडतील. ते म्हणाले, “बरोबर आहे तिचं. पडद्यांचंही बघ.”

पण पहिल्या दिवशी घर बुडालं ते इस्त्रीमुळे नव्हे. ते माझ्यामुळे.

झालं असं की दुपारी मी घामाने निथळत होतो. सासूबाई सोलकढीचा पेला घेऊन आल्या, माझ्याकडे बघितलं, आणि माझ्या डोक्यावरचा पंखा चालू केला.

“अगं, श्रावण!” अप्पा ओरडले.

“असू दे श्रावण. जावयाला घाम फुटलेला मला चालणार नाही.”

“पण श्रावणात त्यांना घाम येणारच नाही!”

“आलाय. तुम्हीच पुसा मग.”

पंखा राहिला. त्यानंतर जावयासाठी शिरवाळे झाले. तांदळाच्या गरमागरम शेवया आणि त्यावर नारळाचा गोड रस. त्यासाठी मिक्सर तीन नारळांभोवती फिरला. जावई प्रवासाने आंबले होते, म्हणून अंघोळीला विजेच्या कांबीवर पाणी तापलं. उन्हात ठेवलेली बादली आधीच चटके देत होती, पण ते तापलेलं, हे तापवलेलं. जावयाला पायरीवर ठेच लागू नये म्हणून बाहेरचा दिवा दिवेलागणीच्या कितीतरी आधी लागला. मी प्रत्येक वेळी “नको नको” म्हणालो. सासुरवाडीत “नको” या शब्दाला काही वजन नसतं; हे वजनमापे खात्यालाही ठाऊक आहे.

कोनाड्यातल्या बॅटऱ्यांच्या वर एक डबा होता आणि त्यावर किती टक्के वीज उरली ते दिसायचं. संध्याकाळी आम्ही सगळे त्याच्यापुढे उभे राहिलो, आणि आमच्या डोळ्यांदेखत घर गेलं. दिवे, फ्रिज, माझा पंखा, सगळं.

“झालं,” वैजू म्हणाली. “एका दिवसात. सामान बांधायला घेऊ?”

अप्पांनी सुस्कारा सोडला. “विज्ञानापुढे कोणाचं काय चालतं!”

काळोखातून सासूबाई म्हणाल्या, “जयंतराव, तुम्ही पंच ना? हा हिशोब बरोबर आहे?”

त्यांनी मला पहिल्यांदाच काही मागितलं होतं. आणि मागितलं तेही “जेवायला अजून वाढू का” याच स्वरात, म्हणून माझ्या उशिरा लक्षात आलं.

“बरोबर नाही,” मी म्हणालो. “श्रावणात मी इथे नसणार. आज निम्म्याच्या वर वीज माझ्यावर खर्च झाली. मोजायला आलेला माणूसच तागडीत बसलाय.”

तागडी हा शब्द आल्यावर अप्पांना नाही म्हणता येईना. मंजूर झालं: ताडपत्री काढून दिवसभर बॅटऱ्या भरून घ्यायच्या आणि मग तालीम पहिल्यापासून, पण जावई वगळून. जावई घरात नाहीत असं समजायचं.

नसलेला जावई म्हणून मी घालवलेले ते दिवस माझ्या आयुष्यातले अत्यंत सुखाचे होत. मला अंगणात फणसाखाली खाट मिळाली. वारा होता, सावली होती, आणि आत माझ्या कुटुंबाचा श्रावण चालला होता. अडचण फक्त सासूबाईंची झाली. जावई नाही असं समजायचं, तर त्याला जेवायला वाढायचं कसं? त्यांनी मार्ग काढला. त्या पान वाढून फणसाच्या बुंध्याशी ठेवायच्या आणि तोंड दुसरीकडे करून मोठ्याने म्हणायच्या, “कोणी उपाशी असेल वाटेवरचं, तर जेवून जावं हो.” शेवंतीकाकींनी हे दोनदा पाहिलं. दुसऱ्या खेपेला त्या गावात कोणाकडे अंगारा मिळतो ते सांगून गेल्या.

तर जावई वजा. माझ्या हिशोबाने बॅटरी आता आरामात टिकायला हवी होती. पहिल्या संध्याकाळी मी चोरासारखा आत जाऊन डबा बघितला, तर टक्के बरेच खाली! वैजूची इस्त्री मोजली, दिवे मोजले, फ्रिज मोजला, बेरीज जुळेना. घरात कोणी तरी वीज पीत होतं. दुसरी गंमत म्हणजे दुपारी टक्के एकदा चक्क वर गेले होते, असं वैजू सांगत होती.

“ढगाआडून ऊन आलं असेल,” सासूबाई म्हणाल्या.

“आई, ताडपत्री आहे ती!”

“मग वारा असेल.”

मी मागे जाऊन बघितलं. ताडपत्रीचं एक टोक खरंच सरकलेलं होतं. वाऱ्याने चिरा उचलून शेजारी नीट ठेवलेला होता.

तालमीच्या दुसऱ्या दिवशी ऊन फणसाखालीही आलं, म्हणून मी माझी अनुपस्थिती घेऊन घरामागे गेलो. मागे उतारावर पोफळी होत्या आणि त्यांच्या गारव्यात विहीर. तिथे जाऊन पडावं असा विचार होता. जवळ गेलो तर पाणी पडल्याचा आवाज. एकसारखा, धो धो, खोलवर. आभाळाने अप्पांचा श्रावण मनावर घेतला की काय, असं मला क्षणभर वाटलं.

विहिरीच्या कठड्यावर अप्पा बसले होते. लेंगा गुडघ्यापर्यंत, पाय पसरलेले, चेहऱ्यावर शांती. हातात पंपाचा पाइप. पाइपाचं तोंड विहिरीत. पंप विहिरीतलं पाणी वर ओढत होता आणि अप्पा ते पाणी पुन्हा विहिरीत सोडत होते.

मी खाकरलो.

अप्पांनी पाइप पोफळीच्या मुळाकडे वळवला. “शिंपतोय,” ते म्हणाले.

“श्रावणात?”

पाइप परत विहिरीत गेला. “बसा, जयंतराव.”

मी बसलो.

“तुम्ही इथे नाही आहात ना?”

“नाही.”

“मग बोलतो.” त्यांनी घराकडे एकदा वळून बघितलं. “मला इथे कंटाळा येतो.”

पाणी पडत होतं.

“इथे वाद घालायला माणूस नाही हो. सगळे ‘व्हय व्हय’ म्हणतात आणि स्वतःला हवं ते करतात. पेपर येतो दुपारी, तोही कालच्या भांडणांचा. पुण्यात मी सोसायटीचा सेक्रेटरी होतो. पाण्याच्या टाकीवरून आम्ही सलग चार वर्षं भांडलो. चार वर्षं! काय दिवस होते.”

“मग चला की पुण्याला. सांगून टाका.”

“कोणाला सांगू? ऑफिसच्या निरोपसमारंभात मी पाऊण तास बोललोय, शहर सोडून मातीकडे जाण्यावर. लोकांनी डोळे पुसले. तुमच्या लग्नात तुमच्या वडिलांना मी काय सांगितलं आठवतंय? फ्लॅट विकताना हिला काय सांगितलं? आणि आता म्हणू, कंटाळा आला?” त्यांनी पाइप झटकला. “त्यापेक्षा विज्ञानाने नाही म्हटलेलं काय वाईट. माणूस म्हणून माझा शब्द राहतो. बॅटरी पुरली नाही, मी काय करणार? मी तर राहायला तयार होतो.”

“आणि आई?”

“तिचं काय? ती बिचारी माझ्यामागून कुठेही येते.”

“आले आहे,” मागून आवाज आला.

सासूबाई पोफळीआड उभ्या होत्या. हातात झाकलेलं ताट होतं, बहुधा वाटेवरच्या उपाशी माणसासाठी. त्या पुढे आल्या, विहिरीत वाकून बघितलं, पाइपाकडे बघितलं.

“चालू द्या,” त्या म्हणाल्या. “पाणी ढवळून निघतंय. चांगलं असतं.”

“अगं, मी शिंपत—”

“दुकानदारांच्या तागडीखालचं मेण खरवडण्यात जन्म गेला तुमचा. निवृत्त झाल्यावर स्वतः लावायला घेतलंत?”

अप्पांनी उठून पंप बंद केला. एकदम इतकं शांत झालं की खाली वाडीत कोणी तरी कोंबडीला शिव्या देतंय ते ऐकू आलं. पंच म्हणून काही बोलावं असं मला वाटलं, पण मी तिथे नव्हतो.

“तुला राहायचंय इथे?” शेवटी अप्पांनी विचारलं. घर बांधताना, फ्लॅट विकताना, पॅनेल निवडताना, मला वाटतं, हा प्रश्न राहून गेला होता.

सासूबाईंनी ताट माझ्या शेजारी ठेवलं आणि पदराने मान पुसली.

“तुम्ही मला आणलंत तेव्हा नव्हतं राहायचं. तुमच्या भाषणाला डोळे पुसणारे ते सगळे लोक आपापल्या घरी गेले, आणि मी इथे आले. पहिला महिना मी रोज रडले, तुम्हाला कळलं नाही. मग एक दिवस रडायला बसले आणि लक्षात आलं, सकाळपासून बेल वाजलेली नाही. पुण्यात दिवसभर बेल. टाकीवाले, वर्गणीवाले, तुमचे ते भांडायला येणारे, आणि प्रत्येकाला चहा. इथे शेवंती येते, पण ती बसायला येत नाही, कामाला लावते. मला झाडावर कोयती कशी मारायची ते येतं आता. सुरण लावलाय. तो दिवाळीत निघेल. मला तो काढायचाय.”

“सुरणासाठी?”

“तुमच्या भाषणापेक्षा बरा. निदान उगवतो.”

अप्पा खाली बसले. “आणि ताडपत्री...?”

“मी सरकवत होते,” सासूबाई म्हणाल्या. “मागची वळचण हाताला लागते. तुम्ही विहिरीवर आलात की मी तिकडे जायची. तुम्ही ओतायचं, मी भरायचं.”

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. आणि आधी सासूबाई हसल्या, तोंडावर हात धरून, लग्नातल्या मुलीसारख्या, मग अप्पाही. मी नसल्यामुळे मला हसता आलं नाही. मी ताटावरचं झाकण काढलं. आत आमरस होता. श्रावणात.

“जयंतराव,” सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या, “तुम्ही खरा हिशोब करा हो. यांचा पंप सोडून, माझं ऊन सोडून, वैजूची इस्त्री सोडून. पावसाळ्यात हे घर किती माणसांना पुरतं?”

मी तिथेच, पोफळीखाली, मातीत काडीने हिशोब मांडला. सासूबाईंची गरज म्हणजे दोन दिवे, फ्रिज, थोडा मिक्सर. अप्पांची गरज मांडायला मला विहिरीला अर्धी फेरी घालावी लागली. सकाळपासून बातम्या, त्या चालू असताना दुसरीकडे रेडिओ, कॉम्प्युटर, त्यावर वर्तमानपत्रांना पत्रं, ती छापायला प्रिंटर, झोपतानाही एक दिवा आणि बाहेरचा दिवा, कारण सरकारी इमारतीला असतो. मी सहा पॅनेल ढगात घालून भागाकार केला, आणि खरं सांगतो, उत्तरात मी काहीच घातलं नाही.

“एका माणसाला पुरतं,” मी म्हणालो. “एक माणूस आणि थोडं.”

“थोडं म्हणजे मी,” अप्पा म्हणाले.

“नाही. थोडं म्हणजे मिक्सर.”

सासूबाई लगेच उठल्या. “मग झालं. पावसाळ्याचे चार महिने तुम्ही पुण्याला. दिवाळीला सुरण खायला परत.”

“म्हणजे मी तुला इथे एकटी टाकून—”

“टाकून काय? माझ्यासाठी वीज सोडून जाताय. सांगा ना तसं लोकांना. पाऊण तास सांगा.”

अप्पांच्या चेहऱ्यावर काही तरी उजळलं. तेवढ्या उजेडात दोन पॅनेल चालली असती.

संध्याकाळी मी परत अस्तित्वात आलो आणि पंच म्हणून वैजूला निकाल सांगितला. ती उसळली.

“हा कसला निकाल? आई एकटी राहणार? या डोंगरावर?”

“अट विजेची होती,” सासूबाई शांतपणे म्हणाल्या. “तूच घातलीस. वीज मला पुरते.”

“पण विंचू, साप—”

“ते युनिटात येत नाहीत. आणि शेवंती आहे. तिची सून रात्री सोबतीला येईन म्हणते. तिला सासूपासून लांब झोपायचंय.”

वैजूने नियमातली फट शोधायचा खूप प्रयत्न केला. मग ती आईकडे बघत राहिली. सासूबाईंचे दंड उन्हाने काळे झाले होते आणि नखांत माती होती. “आई, तू बारीक झालीस,” ती म्हणाली. “आणि बरी दिसतेस.” मग तिने खिडक्या उघडायला सुरुवात केली. श्रावण एका मिनिटात संपला.

मेच्या अखेरीस आम्ही अप्पांना घेऊन निघालो. निरोपाला वाडीतली पाचपंचवीस माणसं वर आली. अप्पा पायरीवर उभे राहिले.

“काय करणार,” ते म्हणाले, “घरात वीज एकालाच पुरते. मी म्हटलं, तू राहा. मी जातो. माणसाने उजेड आपल्या माणसासाठी सोडावा.”

बायकांनी डोळे पुसले. शेवंतीकाकींनी तर हुंदका दिला आणि सासूबाईंच्या कानाशी लागून म्हणाल्या, “गो, इतको चांगलो माणूस, आणि आमी अंगारो इचारीत बसलो.”

सासूबाईंनी मान डोलावली. त्या त्याच वेळी मागच्या मागे ताडपत्रीची घडी घालत होत्या.

त्या पावसाळ्यात सासूबाईंना एकही दिवस काळोखात काढावा लागला नाही. दिवाळीत सुरण निघाला. एक गड्डा इतका मोठा होता की अप्पांनी त्याचं वजन करायला खात्यातला जुना मित्र बोलावला. तेव्हापासून दर वर्षी जूनमध्ये अप्पा त्याग करून आमच्याकडे येतात आणि आमच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीवरून भांडतात. पहिल्या वर्षीचं विजेचं बिल बघून वैजूने आमच्या गच्चीवरही पॅनेल बसवायचं ठरवलं. ऋतूंप्रमाणे घराला किती वीज लागेल याचा हिशोब अप्पांनी केला, स्वतःला सोडून.

पॅनेल कमी पडतात.